थकवा घालवायला तंबाखू, झोप यायला दारू: कामाचा ताण व्यसनापर्यंत कसा नेतो?

दसरा-दिवाळी उरकली की धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, वाशी, भूम भागातल्या अनेक गावांमध्ये घरांना कुलपं दिसायला लागतात. म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी काही पोरं मागे राहतात. बाकीचे ट्रॅक्टर-ट्रकमध्ये संसार भरून ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूरकडे, तर कुणी थेट कर्नाटकात. शेजारच्या बीडची ओळखच ऊसतोड कामगारांचा जिल्हा अशी आहे. मांजरा नदी ओलांडून कळंब तालुक्यात आलं तरी चित्र फार बदलत नाही.

या कामगारांबद्दल एक वाक्य नेहमी ऐकायला मिळतं. "यांना कितीही पैसे द्या, दारूत आणि तंबाखूतच घालवणार."

हे वाक्य बोलून विषय संपतो. पण खरा प्रश्न इथून सुरू होतो. जे काम माणूस करतो, त्या कामाचा आणि त्याच्या व्यसनाचा काही संबंध असतो का? आणि असेल, तर मग फक्त "सोडून दे" असं सांगून व्यसन सुटेल का?

हा प्रश्न फक्त ऊसाच्या फडापुरता नाही. कळंबच्या मार्केट यार्डात पोती उचलणारा हमाल, रात्रभर ऊसाची गाडी चालवणारा ड्रायव्हर, बचत गटाच्या कर्जाची वसुली करत फिरणारा पोरगा आणि गाव सोडून पुण्यात आयटीत लागलेला इंजिनियर, या सगळ्यांना तो लागू होतो. पण ऊसतोडीत कामाचा ताण इतका उघडा दिसतो की तिथून तो समजून घेणं सोपं जातं.

ऊसतोडीचं गणित काय असतं?

ऊसतोडीत मजूर एकटा मोजला जात नाही. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' होतो. अशा कोयत्यांची टोळी बनते आणि टोळीचा मुकादम असतो. हंगाम सुरू होण्याआधीच मुकादमाकडून कोयत्याला आगाऊ रक्कम मिळते. तिला 'उचल' म्हणतात. लग्न, दवाखाना, घराची डागडुजी, जुनं कर्ज यात ती उचल बहुतेक वेळा हंगामाआधीच संपलेली असते.

म्हणजे फडात पहिला कोयता चालतो तेव्हा कामगार कमवत नसतो, तो फेडत असतो.

दिवस पहाटे सुरू होतो. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. गाडी कधी येईल याचा नेम नसतो. रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. मजुरी टनावर मिळते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, पण टनावरच मजुरी ही पद्धत तीच राहिली. जितका ऊस तुटेल तितकी उचल फिटेल.

आणि एखाद्या दिवशी कामावर गेलंच नाही तर? त्याला 'खाडा' म्हणतात. खाड्याच्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर अनेक ठिकाणी दंडही लागतो. आजारपणाची सुट्टी असा प्रकार नाही.

हे गणित माणसाच्या शरीरापर्यंत कसं पोहोचतं, याचा सगळ्यात धक्कादायक पुरावा २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातून समोर आला. सरकारी पाहणीत ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेण्यात आली. त्यापैकी १३ हजार ८६१ महिलांचं गर्भाशय काढलेलं होतं. याची कारणं अनेक होती. चुकीचे वैद्यकीय सल्ले होते, कॅन्सरची भीती घातली गेली होती. पण पाळीच्या त्रासाने खाडा पडायला नको, हेही एक कारण म्हणून पुढे आलं होतं.

जे काम शरीराचा अवयव काढण्याच्या निर्णयावर परिणाम करू शकतं, ते काम तंबाखूच्या पुडीवर परिणाम करणार नाही, असं म्हणता येईल का?

'ताण' म्हणजे फक्त जास्त काम नाही

काम जास्त असलं की ताण येतो, असं आपल्याला वाटतं. पण तेवढंच खरं असतं तर सुगीच्या दिवसांत स्वतःच्या शेतात राबणारा प्रत्येक शेतकरी ताणाने मोडून पडला असता.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये यावर एक साधा विचार मांडला. त्यांच्या मते दोन गोष्टी एकत्र बघायच्या. एक, कामाची मागणी किती आहे. दोन, ते काम कसं, कधी, किती वेगाने करायचं यावर तुमचा ताबा किती आहे. मागणी भरपूर आणि ताबा शून्य, अशा कामात सगळ्यात जास्त ताण तयार होतो.

पुढे १९९६ मध्ये संशोधक योहानेस झिगरिस्ट यांनी याला आणखी एक बाजू जोडली. माणूस कामात किती जीव ओततो आणि बदल्यात त्याला काय मिळतं, म्हणजे पैसा, मान आणि उद्याची खात्री. या दोन्हींत मोठी तफावत असली की ताण शरीरात मुरतो.

आता ही मोजपट्टी ऊसतोडीला लावून बघा. मागणी प्रचंड. गाडी कधी येणार, कोणता फड मिळणार, कुठे राहायचं, यातलं काहीच हातात नाही. मोबदला आधीच खर्च झालेला. पुढच्या वर्षी काय, याची खात्री नाही. ताणाच्या अभ्यासात ज्या ज्या गोष्टी धोक्याच्या मानल्या जातात, त्या इथे एकाच कोपीत राहायला आलेल्या असतात.

व्यसन सुरुवातीला कामाचं अवजार असतं

बऱ्याचदा व्यसनाची सुरुवात मजा म्हणून होते असं समजलं जातं. कष्टाच्या कामात मात्र ती अनेकदा गरज म्हणून होते. कोयता जसा ऊस तोडायला लागतो, तशी एकेक वस्तू दिवस ढकलायला लागते.

तंबाखू घ्या. पहाटे पोटात काही नसताना तंबाखूचा बार भरला की भूक मरते, डोळ्यावरची झोप उडते आणि तरतरी आल्यासारखी वाटते. निकोटीनचा हा परिणाम खराच आहे, तो मनाचा खेळ नाही. त्यात तंबाखू स्वस्त, खिशात मावणारी आणि काम न थांबवता खाता येणारी. बायकांमध्ये हीच जागा अनेक ठिकाणी मिश्री घेते.

तंबाखूचा आणखी एक उपयोग सहसा कुणी बोलून दाखवत नाही. कामाच्या मध्येच नुसतं बसलं तर "बसलास काय?" असा आवाज येतो. पण तंबाखू मळायला बसलं तर कुणी काही म्हणत नाही. विश्रांतीला परवानगी नाही, तंबाखूला आहे. मग दोन मिनिटांच्या विश्रांतीसाठी माणूस तंबाखूच मळणार.

पुण्यातल्या ऑफिसात 'चाय-सुट्टा ब्रेक' चालतो तो याच नियमाने. सिगारेट न ओढणारा पाच वेळा उठून बाहेर जाऊन उभा राहिला तर विचारणा होते. ओढणाऱ्याला तेवढी सवलत असते. टीममधल्या गप्पा, बॉसशी ओळख, बदलीच्या बातम्या, सगळं टपरीवर घडतं. अनेकांची पहिली सिगारेट अशीच पेटते.

दारूचं काम वेगळं. दिवसभर उचललेल्या मोळ्यांनी मान, खांदे, कंबर ठणकत असते. थंडीत पाचटाच्या कोपीत झोप लागत नाही. दारू घेतली की दुखणं बोथट होतं आणि डोळा लागतो. दुखणं दाबण्यासाठी पेनकिलरच्या गोळ्याही असतातच. त्या किराणा दुकानातही मिळतात आणि न मोजता घेतल्या जातात.

या पायरीवर माणसाला आपण व्यसनी आहोत असं अजिबात वाटत नाही. त्याच्या दृष्टीने तो उद्याच्या कामाची तयारी करत असतो.

मग हे अवजार उलटतं कधी?

ताण आला की मेंदू शरीराला सावध करतो. अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं वाढतात, हृदय जोरात धडधडतं, स्नायू आखडतात. संकट टळलं की हे सगळं खाली यायला हवं. पण संकट रोजच असेल, तर शरीर कायम सावधच राहतं. झोप उथळ होते, चिडचिड वाढते, आणि पुढचा विचार करून निर्णय घेणारा मेंदूचा भाग थकतो. "आज नको" म्हणण्याची ताकद नेमकी तिथूनच येत असते.

अशा वेळी पटकन आराम देणारी वस्तू मिळाली की मेंदू ती घट्ट लक्षात ठेवतो. यात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो. ताण आला, बार भरला, बरं वाटलं. हे शेकडो वेळा घडलं की पुढे ताण आला रे आला की तलफ येते. मग तलफ येण्यासाठी विचार करावा लागत नाही.

तंबाखूची गंमत अशी की ती स्वतःच तयार केलेला ताण स्वतःच घालवते. निकोटीनचा असर साधारण दोन तासांत अर्ध्यावर येतो. मग अस्वस्थ वाटतं, लक्ष लागत नाही, राग येतो. ही तलफ असते, पण माणसाला तो कामाचा ताण वाटतो. पुन्हा तंबाखू खाल्ली की बरं वाटतं आणि "तंबाखूने ताण जातो" हा समज आणखी पक्का होतो. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यास एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झालं होतं. धूम्रपान सुरू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत ते सोडणाऱ्यांमध्ये चिंता, नैराश्य आणि ताण कमी झालेला त्यात दिसला.

दारूचंही तसंच. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते. असर उतरताना मेंदू उलट दिशेने झोका घेतो, म्हणून पहाटे धडधड, घाम आणि विनाकारण भीती वाटते. सकाळी उठल्यावर अंग जास्त जड, काम तेवढंच. थंडीसाठी घेतलेली दारूही फसवते. कातडीकडचा रक्तप्रवाह वाढल्याने ऊब वाटते, पण शरीराची आतली उष्णता बाहेर पडून जाते.

काही महिन्यांनी गणित बदललेलं असतं. आधी काम जमावं म्हणून तो प्यायचा. आता प्यायल्यामुळे काम जमत नाही, आणि काम न जमल्याचा ताण आला की पुन्हा पितो. खाडे वाढतात, उचल फिटत नाही, पुढच्या वर्षी आणखी मोठी उचल घ्यावी लागते. व्यसन आणि कर्ज हातात हात घालून चालायला लागतात.

यात बायकोचं काय होतं? कोयता जोडीचा असल्याने नवरा झोपून राहिला तर खाडा दोघांच्या नावावर पडतो. त्याने प्यायलेली दारू तिच्याही घामातून वजा होते. तोडणी तिची, स्वयंपाक तिचा, पोरांची आबाळ तिच्याच डोळ्यासमोर. तिच्या ताणाची नोंद कोणत्याही पाहणीत सहसा 'व्यसन' या रकान्यात येत नाही.

आकडे काय सांगतात?

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेतात. यातले बहुसंख्य ओढत नाहीत, खातात किंवा लावतात. धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के आणि धूर नसलेली तंबाखू घेणारे २४.४ टक्के. जुलै २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, तरी त्यानंतर काही वर्षांनी आलेला हा आकडा आहे.

दारूबद्दल दिल्लीच्या एम्स रुग्णालयाने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५.७ कोटींना तिच्यामुळे झालेल्या समस्यांसाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी फक्त एकाला कसला तरी उपचार मिळाल्याचं त्यात आढळलं.

आता थेट कामाशी संबंध. २०१५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ देशांतल्या ६१ अभ्यासांचं विश्लेषण आलं. त्यात ३ लाख ३३ हजारांहून अधिक लोकांची माहिती होती. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ४९ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांमध्ये धोकादायक प्रमाणात दारू प्यायला लागण्याची शक्यता १२ ते १३ टक्क्यांनी जास्त दिसली.

हा फरक फार मोठा नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. "काम जास्त म्हणून दारू" असं सरळ समीकरण संशोधन मांडत नाही. व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा मानला जातो. लहानपणचे आघात, आधीपासूनचं नैराश्य, मित्रमंडळी आणि वस्तू किती सहज मिळते, हे सगळं त्यात मिसळतं. म्हणूनच एकाच टोळीतले, एकच काम करणारे दोघे असतात, एक रोज पितो आणि एक दारूला शिवतही नाही. ताण सगळ्यांना व्यसनी बनवत नाही. ज्यांचा तोल आधीच नाजूक असतो, त्यांना तो ढकलतो.

परिस्थिती बदलली की व्यसन सुटतं का?

याचं एक उदाहरण फार लांबचं आहे, पण इथे उपयोगी पडतं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे अनेक सैनिक हेरॉइन घ्यायला लागले होते. हे लोक मायदेशी परतल्यावर काय होणार, या भीतीने अमेरिकी सरकारने ली रॉबिन्स या संशोधक महिलेला अभ्यास करायला सांगितलं. साधारण पाचातला एक सैनिक तिथे व्यसनाधीन झाला होता. पण परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यातले फारच थोडे, सुमारे ५ टक्के, पुन्हा व्यसनात अडकले.

भीती, कंटाळा, सहज मिळणारं हेरॉइन आणि तेच करणारे सोबती, हे सगळं मागे राहिलं होतं. घरी वेगळं आयुष्य होतं.

ऊसतोड कामगार मात्र घरी येतो तेव्हा वेगळ्या आयुष्यात येत नाही. गावात पावसाची वाट, हाताला तुटपुंजं काम, डोक्यावर न फिटलेली उचल आणि दिवाळीनंतर पुन्हा तोच फड. त्याचं युद्ध संपत नाही, फक्त मध्यंतर होतं.

काम जास्त असण्याचाच नव्हे, काम जाण्याचाही ताण असतो, हे महाराष्ट्राने मुंबईच्या गिरणगावात पाहिलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यातल्या हजारोंना पुन्हा काम मिळालं नाही. त्याच दशकात मुंबईत गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगरचं व्यसन पसरत होतं. गर्दच्या प्रश्नावर डॉ. अनिल अवचट यांनी लेखन केलं आणि त्यातूनच पुढे डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला मदतीचा हात दिला होता.

खरी अडचण: उपचाराला सुट्टी कोण देणार?

मुक्तांगणसारख्या केंद्रात उपचार साधारण ३५ दिवसांचे असतात. नोकरदार माणसाला एवढी रजा मिळणं अवघड, पण अशक्य नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितीला मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतलं आहे. मानसिक आजाराला विमा कंपन्यांनी शारीरिक आजारासारखंच वागवावं, असंही हा कायदा सांगतो.

पण जिथे एक दिवस गैरहजर राहिलं तर खाडा पडतो, तिथे ३५ दिवस कुठून आणायचे? हंगामात ऊसतोड कामगाराला व्यसनमुक्ती केंद्रात जा म्हणणं म्हणजे कर्जात आणखी बुड म्हणण्यासारखं आहे.

म्हणूनच कळंबसारख्या तालुक्यासाठी कॅलेंडर महत्त्वाचं ठरतं. टोळ्या मार्च-एप्रिलनंतर परततात आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा जातात. मधले पाच-सहा महिने हीच उपचाराची खिडकी. तपासणी, समुपदेशन आणि गरज असेल तर केंद्रात भरती, हे सगळं या काळात बसवता येतं. पुढच्या हंगामाची उचलही याच महिन्यांत घेतली जाते. घरात व्यसन असेल तर ती किती आणि कुणाच्या हातात येते, यावर आधीच घरात बोलणं होणं फार गरजेचं आहे.

मोठं हॉस्पिटल नसेल तर उपचार होतात का?

होतात. आणि त्याचा पुरावा शेजारच्या गोव्यातून आला आहे.

'संगथ' या संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांशी बोलायला तिथे डॉक्टर नव्हते. थोडं प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. जास्तीत जास्त चार भेटी. पिण्याची कारणं शोधायची, तलफ आली की काय करायचं हे ठरवायचं, घरच्यांना सोबत घ्यायचं, एवढंच. तीन महिन्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी २६ टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले होते. समुपदेशन मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३६ टक्के होतं.

चार भेटी म्हणजे ३५ दिवस नव्हेत. व्यसन फार पुढे गेलेलं नसेल तर एवढीशी मदतही काम करते, हा त्याचा अर्थ. गावातल्या आशाताई, आरोग्य सेवक, टोळीसोबत जाणारा एखादा समजूतदार माणूस, यांना असं प्रशिक्षण मिळालं तर ते फडापर्यंतही पोहोचू शकतं.

पण समुपदेशनाने मोळीचं वजन कमी होत नाही. कामाच्या जागी करायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत आणि त्या साध्या आहेत. फडावर पिण्याचं पाणी आणि सावली. गाडी भरायची ठरलेली वेळ. आजारपणाच्या दिवशी दंड नाही. ठरलेली विश्रांती, जी मिळवायला तंबाखू मळावी लागणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांचा रोखही हाच आहे की फक्त कर्मचाऱ्याला ताण सहन करायला शिकवू नका, ताण तयार करणारी परिस्थिती बदला.

ऑफिसातही हेच लागू पडतं. वर्षातून एकदा योगशिबिर घ्यायचं आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅपवर काम पाठवायचं, याने काही साधत नाही.

सवय आणि व्यसन यातली रेषा कशी ओळखायची?

स्वतःला किंवा घरच्या माणसाबद्दल हे प्रश्न विचारून बघा:

- कामाचा वाईट दिवस गेला की सगळ्यात आधी त्याच वस्तूची आठवण येते का?
- पूर्वी जेवढ्यात भागायचं, तेवढ्यात आता भागत नाही का?
- "आज फक्त एवढीच" असं ठरवून ते मोडलं जातं का?
- सकाळी घेतल्याशिवाय हात थरथरतात किंवा कामाला लागता येत नाही का?
- किती घेतली हे घरी लपवावं लागतं का?
- त्यापायी कामाचे दिवस बुडायला लागले आहेत का?

यातल्या एक-दोन प्रश्नांचं उत्तर 'हो' असेल तरी बोलायची वेळ झाली आहे असं समजा. चौथ्या प्रश्नाला 'हो' असेल तर थेट डॉक्टरकडे जा.

इथे एक धोका माहीत असायलाच हवा. रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने शपथ घेऊन, माळ घालून एकदम दारू बंद केली तर पुढच्या दोन-तीन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. सोडायचीच, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली. तंबाखूच्या बाबतीत असा जीवघेणा धोका नसतो. पहिले काही दिवस तलफ जोरात येते, पण दरवेळची लाट काही मिनिटांत ओसरते.

मदत कुठे मिळेल?

- टेली-मानस: १४४१६. मानसिक ताण आणि व्यसन दोन्हींसाठी, मोफत, चोवीस तास, मराठीतही.
- केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन: १४४४६.
- तंबाखू सोडण्यासाठी: १८००-११-२३५६.
- कळंबमध्ये उपजिल्हा रुग्णालयातून सुरुवात करता येते. पुढच्या उपचारांसाठी धाराशिव, तसंच अंबाजोगाई आणि लातूर इथली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत.
- अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका मोफत असतात आणि तिथे नाव जाहीर करावं लागत नाही. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉनचे गट असतात.

आणि फोन करायला व्यसन असलेला माणूसच हवा असं नाही. नवरा तयार नसेल तर बायको, बाप ऐकत नसेल तर मुलगी फोन करू शकते. घरच्यांनी काय बोलावं आणि काय बोलू नये, हे सांगणंही त्यांच्या कामाचा भाग आहे.

पुढच्या वेळी कुणी "यांना कितीही पैसे द्या, दारूतच घालवणार" असं म्हणालं, तर एक प्रश्न विचारून बघा. तो माणूस दिवसाला किती तास काम करतो, आणि शेवटची हक्काची सुट्टी त्याला कधी मिळाली होती?